आई-वडिलांची जन्मतारीख १ जून : अनुभव धागा

वडिलांच्या निधनानंतर त्यांची पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा सर्वांत खाली, मेणकापडात गुंडाळलेला, त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला सापडला. त्यावर जन्मतारीख १ जून १९४६ अशी होती. आजी मात्र शेवटपर्यंत सांगत असे, की गांधीजी गेले त्या वर्षीच्या पावसाळ्यात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी वडील जन्मले, म्हणजे १९४८. एका पिढीतील कितीतरी माणसांचे वाढदिवस १ जूनलाच का येतात, हे आपल्याला ठाऊक आहे. जन्माची नोंद कोणी केलेली नसे, शाळा जूनमध्ये उघडत, आणि मुलाचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोहोचला की ते शाळेच्या वयाचे झाले असे समजून गुरुजी सहा वर्षे मागची १ जून लिहून मोकळे होत. वडील अंगाने थोराड होते. त्यांचा हात चौथ्या वर्षीच कानाला लागला.

त्या दोन वर्षांनी पुढे त्यांच्या आयुष्यात बरेच काही केले. गावात चौथी झाल्यावर ते साताऱ्याला रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहिले. भाऊराव पाटलांनी १९१९ साली सुरू केलेल्या या संस्थेत मुलांनी अंगमेहनत करून शिकायचे असा शिरस्ता होता, आणि वडिलांच्या वाट्याला वयाने मोठ्या मुलांची कामे आली, कारण कागदावर ते मोठेच होते. शेताला रात्रीचे पाणी देताना बांधावर झोप लागली आणि वाफा फुटला, ही गोष्ट ते फार रंगवून सांगत. १९६३ साली ते अकरावी, म्हणजे जुनी मॅट्रिक, उत्तीर्ण झाले, तेव्हा त्यांचे खरे वय पंधरा होते. दोन वर्षांनी ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाले, आणि ३१ मे २००४ रोजी अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाली म्हणून निवृत्त झाले. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेल्या कर्मचाऱ्याला आदल्या महिन्याच्या अखेरीसच निवृत्त व्हावे लागते, त्यामुळे जूनचा पगारही गेला. ‘गुरुजींनी माझा कान धरला तो असा,’ असे ते म्हणत.

स्वतः पटावर नावे घालताना मात्र ते सहजासहजी १ जून लिहीत नसत. मुलाच्या आईला समोर बसवून विचारत, ‘पेरणीच्या आधी झाला की नंतर? तेव्हा घरात कोणाचे लग्न होते का? थोरल्याला तेव्हा चालता येत होते का?’ आणि मग जुनी पंचांगे काढून तारीख शोधत. एकदा एक आई कंटाळून म्हणाली, ‘गुरुजी, तुमचीच घाला की.’

आपल्या आईचे किंवा वडिलांचे कागदावरचे वय आणि खरे वय वेगळे असेल, तर त्या फरकाने त्यांचे शिक्षण, नोकरी किंवा संसार कोठे वळला, ते येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

(बीड जिल्ह्यातून)

माझ्या आईचे वय शाळेने नव्हे, तर मुकादमाने वाढवले. १९७२ च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती आणि सहावीत शिकत होती. गावाजवळ रस्त्याचे दुष्काळी काम निघाले, घरातून दोन माणसे तरी मस्टरवर लागावीत म्हणून आजोबा तिला घेऊन गेले, आणि मुकादमाने तिच्या नावापुढे अठरा लिहिले. हातात हातोडी, बोटांना चिंध्या बांधलेल्या आणि समोर खडीचा ढीग, अशी ती त्या वर्षाची आठवण सांगते. दुपारी सुकडी मिळे. रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, मिळे, आणि त्याची भाकरी थापताना तुटत असे, याचा राग तिला आजही आहे. पुढच्या वर्षी पाऊस झाला, धाकटे दोन भाऊ शाळेत परतले आणि ती परतली नाही. ‘मला कोणी जाऊ नको म्हटले नाही, जा असेही म्हटले नाही,’ एवढेच ती बोलते.

लग्नानंतर ती अंगणवाडीत मदतनीस झाली. १९९० नंतर कधीतरी तिला कळले, की नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात पूर्वतयारी अभ्यासक्रम करून, बारावी नसतानाही पदवीला प्रवेश मिळतो. अर्जासाठी जन्मतारखेचा पुरावा हवा होता. ती मला बरोबर घेऊन आपल्या जुन्या शाळेत गेली, आणि मुख्याध्यापकांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढून दिले. तिचे नाव सापडले. त्यावर तांबड्या शाईची आडवी रेघ होती आणि शेरा होता, ‘सतत गैरहजर’. आईने त्या रेघेवरून बोट फिरवले आणि मुख्याध्यापकांना म्हणाली, ‘गैरहजर नव्हते, कामावर हजर होते.’ पुढे दर रविवारी ती अभ्यासकेंद्रात जात असे. ती बी.ए. झाली त्या वर्षी मी बारावीत होतो, आणि आम्हा दोघांची पुस्तके एकाच फळीवर असत.

(सोलापूरहून)

वरचे दोन्ही अनुभव शेवटी चांगल्या ठिकाणी पोहोचले. माझ्या आईचा तसा नाही, तरीही तो येथे यावा असे वाटते, कारण अशा गोष्टी सांगताना आपण यश मिळालेलीच माणसे निवडतो.

मुलीचे लग्नाचे वय अठरा करणारी कायद्याची दुरुस्ती १९७८ साली झाली. त्याच्या पुढच्याच वर्षी, दहावीच्या परीक्षेला तीन महिने राहिलेले असताना, सोळा वर्षांच्या आईचे लग्न झाले. आजोबांनी सर्वांना अठरा पूर्ण झाल्याचे सांगितले, आणि खरी तारीख कोणाच्या हाती लागू नये म्हणून शाळेतून दाखला काढून कुलपात ठेवला. माझ्या जन्मानंतर तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसायचे ठरवले. त्यासाठी दाखला लागतो. माहेरी निरोप गेला, तेव्हा तो उंदरांनी खाल्ला असे उत्तर आले. दुय्यम प्रत मिळते, हे तिला कोणी सांगितले नाही; वडिलांना माहीत होते, असा मला संशय आहे, आणि तो मी त्यांना कधी विचारला नाही. तिने माझ्या सर्व गुणपत्रिका लॅमिनेट करून घेतल्या. पुढे एका कार्यालयाने नेमक्या त्याच कारणाने त्या नाकारल्या, पण ते मी तिला सांगितलेले नाही.

(रत्नागिरी, आता डोंबिवली)

थोडक्यात लिहितो. वडील १९६२ साली चौदाव्या वर्षी मुंबईला आले. गिरणीत बदली कामगार म्हणून लागण्यासाठी गावच्या ओळखीच्या माणसाने त्यांना अठरा वर्षांचे करून टाकले. पाळी आणि रात्रशाळा यांची सांगड घालत ते १९६९ साली मॅट्रिक झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा ते खरे तर चौतीस वर्षांचे होते. दुसरी नोकरी शोधताना मात्र प्रत्येक अर्जावर अडतीस लिहावे लागले आणि वयाची अट आडवी आली. चार वर्षे उसनी घेतली होती, ती व्याजासकट फेडली, असा त्यांचा हिशेब. पुढे आईने खानावळ चालवली, आणि आम्हा तिघांचे शिक्षण त्या डब्यांवर झाले. तिच्याविषयी स्वतंत्र लिहायला हवे.

(पाटण तालुक्यातून)

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यात आमच्या आईची शाळा पडली आणि तिच्याबरोबर पटावरची कागदपत्रेही गेली. आई तेव्हा सातवीत होती. त्यानंतर तिच्या प्रत्येक कागदावर ज्याने त्याने आपापल्या सोयीची तारीख लिहिली. रेशनकार्डावर नुसते वय आहे, आधार कार्डावर १ जानेवारी आहे आणि वडिलांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत १ जून. गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी तिला बँकेत नेले. खिडकीपलीकडच्या मुलीने विचारले, ‘आजी, तुमची जन्मतारीख सांगा.’ आईने पिशवीतून सगळे कागद काढून काउंटरवर मांडले आणि म्हणाली, ‘तुझ्या मशीनला कोणती चालते, ती घे बाळा.’