मदत हवी आहे: हिमयुगात समुद्र जास्त खारट होता, मग अटलांटिकचा खोल प्रवाह थांबला कसा?

नमस्कार. मी सिंधुदुर्गातल्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान आणि भूगोल शिकवते. विज्ञान प्रदर्शनासाठी आमची मुलं दोन मोठे तक्ते करतायत, एक आजच्या समुद्राचा आणि एक हिमयुगातल्या समुद्राचा. एका मुलीच्या प्रश्नावर मी अडले आहे. तक्त्यावर चुकीचं काही चढू नये म्हणून इथे विचारते.

आधी प्रयोग सांगते. काचेचे दोन ग्लास घेतले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात तेवढ्याच पाण्यात दोन मोठे चमचे मीठ विरघळवलं. निळी शाई घालून गोठवलेला बर्फाचा एकेक खडा दोन्हींत सोडला. साध्या पाण्यात खड्याखालून निळे धागे सुटले आणि थेट तळाला जाऊन पसरले. खारट पाण्यात एकही धागा खाली गेला नाही. सगळी निळाई दुधावरच्या साईसारखी वरच धरून राहिली, आणि तो खडा विरघळायलाही बराच जास्त वेळ लागला. थंड आणि खारट पाणी जड म्हणून बुडतं, वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी हलकं म्हणून तरंगतं, हे मुलांना डोळ्यांनी दिसलं.

मग मी सांगितलं की उत्तर अटलांटिकमध्ये ग्रीनलँडच्या आसपास पाणी असंच थंड होऊन बुडतं आणि खोलातून दक्षिणेकडे जातं. हिमयुगात हा प्रवाह बंद पडला होता, कारण बर्फाच्या गोड्या पाण्याची साय वर धरली.

त्यावर नववीतली एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, हिमयुगात बर्फ वितळत नव्हता, साठत होता ना? समुद्राचं पाणी जमिनीवर बर्फ होऊन बसलं म्हणजे उरलेला समुद्र जास्त खारट झाला. मग पाणी आणखी जोरात बुडायला हवं. थांबलं कसं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. "उद्या सांगते" म्हटलं, त्याला आता चार दिवस झाले. ती रोज मधल्या सुट्टीत येऊन उभी राहते, काही बोलत नाही.

समुद्राची पातळी तेव्हा सुमारे 120 मीटर खाली होती, हे मला माहीत आहे. प्रवाह थांबल्याचंही वाचलंय. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा बसतात ते कुणी समजावून सांगेल का?

गाळवाचक:
बाई, त्या मुलीचा हिशोब अगदी बरोबर आहे, तिला आजच सांगा. समुद्राची सरासरी खोली साधारण 3,700 मीटर. त्यातलं 120 मीटर गोडं पाणी जमिनीवर बर्फ होऊन गेलं, म्हणजे क्षारता सुमारे 3 टक्के वाढली. हजारी 35 च्या जागी 36.

घोटाळा "हिमयुगात प्रवाह बंद पडला होता" या वाक्यात आहे. त्यात दोन वेगळे काळ एकत्र झालेत. हिमयुगाचा सगळ्यात थंड काळ सुमारे 21,000 वर्षांपूर्वीचा. प्रवाह जवळपास ठप्प झाला तो त्यानंतर तीन-चार हजार वर्षांनी, हिमयुग ओसरायला लागल्यावर.

आधी 21,000 वर्षांपूर्वीचं बघू. आज उत्तरेचं बुडालेलं पाणी अटलांटिकमध्ये साधारण दीड ते चार किलोमीटर खोलीवरून दक्षिणेकडे जातं, आणि त्याच्याही खाली अंटार्क्टिकाहून आलेलं पाणी असतं. हिमयुगात उत्तरेचं पाणी बुडत होतंच, फक्त ते सुमारे दोन किलोमीटरच्या वर राहिलं आणि त्याखालचा सगळा तळ दक्षिणेच्या पाण्याने भरला. विल्यम करी आणि डेलिया ओप्पो यांनी 2005 मध्ये पश्चिम अटलांटिकच्या वेगवेगळ्या खोलींवरचा गाळ तपासून याचा उभा छेद मांडला, त्यात ही सीमा स्वच्छ दिसते.

ते कळतं तळावर राहणाऱ्या फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांच्या कवचांवरून. मी स्वतः ती निवडतो. धुतलेला गाळ काळ्या ताटलीत पसरायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या बारीक ब्रशाच्या टोकाने एकेक कवच उचलायचं. वाळूच्या कणाएवढं, बशीसारखं चपटं, पांढरट. त्यातल्या कार्बन-13 च्या, म्हणजे कार्बनच्या जड प्रकाराच्या, प्रमाणावरून भोवतालचं पाणी कुठलं होतं याचा अंदाज येतो. वरचे सूक्ष्मजीव हलका कार्बन जास्त वापरतात, मेल्यावर खाली जाऊन कुजतात आणि तोच हलका कार्बन खोल पाण्यात सोडतात. पाणी खोलात जितकं जास्त मुरलं, तितका त्यात हलका कार्बन जास्त.

धागाकर्ती:
खूप आभार! पण सगळाच समुद्र जास्त खारट झाला, तर उत्तरेचं पाणी दोन किलोमीटरवरच का अडलं?

गाळवाचक:
कारण दक्षिणेचं पाणी त्याहून जास्त जड झालं. समुद्राचं पाणी गोठताना मीठ बर्फात फारसं राहत नाही, खालच्या पाण्यात उतरतं. हिमयुगात अंटार्क्टिकाभोवती समुद्रबर्फ खूप पसरला होता. किनाऱ्याशी बर्फ धरायचा, वारा तो बाहेर ढकलायचा, मोकळ्या पाण्यावर पुन्हा नवा धरायचा. दर खेपेला मिठवणी खाली. बर्फ वितळायचा तो दूर उत्तरेला, त्यामुळे मीठ इथे आणि गोडं पाणी तिथे अशी वाटणी व्हायची.

जेस ॲडकिन्स आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये समुद्रतळाच्या गाळात अडकून राहिलेल्या जुन्या पाण्यातलं क्लोरीन मोजलं. आज उत्तरेचं खोल पाणी दक्षिणेच्या तळपाण्यापेक्षा थोडं खारट आहे. हिमयुगात उलट होतं, सगळ्यात खारट खोल पाणी दक्षिणेचं होतं आणि ते गोठणबिंदूच्या अगदी जवळ थंड होतं. तुमच्या विद्यार्थिनीने धरलेलं मीठ समुद्रात होतंच, त्याचा मोठा वाटा दक्षिणेच्या तळाला होता.

खाडीकाठ:
मी वाचलं होतं त्याप्रमाणे कार्बन-13 कमी म्हणजे प्रवाह संथ. मग 21,000 वर्षांपूर्वीही तो मंदच होता असं का म्हणू नये?

गाळवाचक:
कार्बन-13 वरून पाणी कुठलं ते बऱ्यापैकी कळतं. किती वेगाने चाललंय ते त्यावरून सांगता येत नाही, कारण दक्षिणेचं पाणी बुडतानाच त्यात कार्बन-13 कमी असतो.

वेगासाठी प्रोटॅक्टिनियम आणि थोरियम वापरतात. समुद्रात विरघळलेल्या युरेनियमपासून ही दोन्ही मूलद्रव्यं सतत तयार होतात, आणि किरणोत्साराच्या मापाने प्रोटॅक्टिनियमचं थोरियमशी प्रमाण 0.093 ठरलेलं असतं. थोरियम खाली पडणाऱ्या कणांना लगेच चिकटतं आणि काही दशकांत तळाला जातं. प्रोटॅक्टिनियम शंभर-दोनशे वर्षं पाण्यात टिकतं, तेवढ्यात प्रवाह त्याला अटलांटिकबाहेर दक्षिणेकडे घेऊन जातो. म्हणून प्रवाह वाहता असला की अटलांटिकच्या गाळात हे प्रमाण 0.093 पेक्षा कमी भरतं.

जेरी मॅकमॅनस आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये बर्म्युडाजवळच्या साडेचार किलोमीटर खोलीवरच्या गाळात हे मोजलं. हिमयुगाच्या सगळ्यात थंड काळात प्रमाण आजच्यापेक्षा थोडंच जास्त आहे, म्हणजे प्रवाह चालू होता. मग सुमारे 17,500 वर्षांपूर्वी ते चढत जाऊन थेट 0.093 ला टेकतं, म्हणजे प्रवाह जवळपास ठप्प. या प्रमाणावर गाळातल्या सिलिकाच्या कवचांचाही परिणाम होतो, म्हणून आकडा एकट्याने वाचत नाहीत. पण एवढी मोठी उडी डोळ्याआड करता येत नाही.

तुमचा निळ्या शाईचा ग्लास इथे लागू पडतो. त्या काळात उत्तर अमेरिकेवरच्या प्रचंड हिमचादरीतून हडसन सामुद्रधुनीमार्गे हिमनगांचे तांडे अटलांटिकमध्ये सुटले. ते वितळले तिथे गोड्या पाण्याची साय वर धरली आणि त्यांच्या पोटातले खडे तळावर पडले. हार्टमुट हाइनरिख यांनी 1988 मध्ये या खड्यांचे थर वर्णन केले, म्हणून अशा घटनांना त्यांचं नाव आहे. चिखलात मध्येच वाळूचा असा थर हाताला लागतो तेव्हा बोटांनाही फरक कळतो.

खाडीकाठ:
समजलं, माझी चूक होती. आपल्याकडे याचा काही परिणाम झाला का?

गाळवाचक:
झाला. हाइनरिख घटनांच्या वेळी आशियातला मान्सून कमजोर पडला. अरबी समुद्राच्या गाळात आणि चीनमधल्या हुलू गुहेच्या चुनखडी स्तंभांत त्याची नोंद आहे. आणखी एक गोष्ट बाईंच्या मुलांना आवडेल. आपल्या 'सागरकन्या' जहाजाने 129 व्या सफरीत विषुववृत्ताजवळ हिंदी महासागरात सुमारे 3,800 मीटर खोलीवरून गाळाचा नमुना काढला होता. त्यातल्या निओडिमियम या मूलद्रव्यावरून (तेही पाणी कुठलं ते सांगतं) 2009 मध्ये दाखवलं गेलं की हिमयुगात इथल्या खोल पाण्यात उत्तर अटलांटिकच्या पाण्याचा वाटा कमी होता.

धागाकर्ती:
आज मधल्या सुट्टीत तिला हे सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती, मग म्हणाली, "म्हणजे बाई, तक्ते तीन हवेत." खरंच तीन हवेत. पहिला 21,000 वर्षांपूर्वीचा, उत्तरेचा बाण दोन किलोमीटरवर वळवलेला आणि खाली दक्षिणेचं खारट पाणी. दुसरा 17,500 वर्षांपूर्वीचा, वर हिमनग आणि बाण जवळजवळ पुसलेला. तिसरा आजचा, उत्तरेचा बाण पुन्हा खोल गेलेला आणि त्यावर सेकंदाला सुमारे 1.7 कोटी घनमीटर हा आकडा.

हवेतला कार्बन डायऑक्साइड हिमयुगात दशलक्षांत सुमारे 190 भाग होता आणि नंतर, कारखाने येण्याआधीपर्यंत, 280 झाला (आज तो 420 च्या वर आहे), हेही पहिल्या आणि तिसऱ्या तक्त्यावर घालायचंय. तो दक्षिणेच्या त्या झाकलेल्या खोल पाण्यात साठला होता, असं एका ओळीत लिहिलं तर चालेल का?

गाळवाचक:
"त्यातला मोठा भाग खोल समुद्रात साठला होता" असं लिहा. सगळा दक्षिणेच्या पाण्यावर टाकू नका, थंड पाण्यात वायू जास्त विरघळतो हेही त्यात आहे. आणि फोरॅमिनिफेरा दाखवायची असतील तर निरोपातून पत्ता कळवा, निवडलेल्या कवचांची एक काचपट्टी पाठवतो. पंचवीस-तीस पटींचं भिंग असलं की पुरे.