सल्ला हवा: शिशाच्या खाणींच्या कारभाऱ्यांची १७६५ नंतरची पत्रे वाचायला काय घेऊ? (बजेट ६० पौंड)

नक्कलवही
नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या उत्तरेत आल्स्टन मूरच्या शिशाच्या खाणी आहेत. डरवेंटवॉटरच्या उमरावाला १७१६ साली देहदंड झाला, त्याची जहागीर जप्त झाली आणि १७३५ पासून तिचे उत्पन्न ग्रीनिच हॉस्पिटलला, म्हणजे वृद्ध नाविकांच्या आश्रयस्थानाला, मिळू लागले. तिथला कारभार दोन रिसिव्हर पाहत. निकोलस वॉल्टन हे एक आणि १७६५ ते १७७७ या काळात दुसरे जॉन स्मीटन, एडिस्टन दीपगृह बांधणारे अभियंतेच. या रिसिव्हरांच्या जावक पत्रांच्या वहीचे १८० पानांचे फोटो माझ्याकडे आहेत. फोनवर काढलेले, १२ मेगापिक्सेलचे. सगळ्याची अक्षरशः नक्कल टाइप करायची आहे. अक्षर बरे आहे, पण काही पानांची शाई फिकी आहे, आकडे चुकतात आणि खाणीचे शब्द कळत नाहीत. मॉनिटर, सॉफ्टवेअर, कोश, यांतले काय घेऊ? बजेट ६० पौंड, त्यावर एक पेनीही नाही.

लेन्सवेडा
फोटोच परत काढा. फुल-फ्रेम कॅमेरा, ५० मिमीची मॅक्रो लेन्स आणि कॉपी स्टँड, यात तडजोड नको. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दिवे लावा, म्हणजे पानावर चमक येत नाही. मागच्या पानाची शाई आरपार दिसत असेल तर त्या पानामागे राखाडी किंवा काळा कागद सरकवा, निम्मा त्रास तिथेच संपतो. वही पूर्ण सपाट उघडू नका, फोमच्या उतरत्या ठोकळ्यांवर ठेवा, नाहीतर शिवणीजवळची अक्षरे वाकतात. साठ पौंडांत हे होणार नाही, पण मुळात फोटो वाईट असेल तर पुढचे सगळे कष्ट वाया जातात.

टाइनकाठ
फोटो परत काढायची काही गरज नाही. हिशेब करा. फूलस्केप पान साधारण १३ बाय ८ इंच. इंचाला ३०० ठिपके धरले तर ३९०० गुणिले २४००, म्हणजे साडेनऊ मेगापिक्सेलच्या आत. फोटो हलला नसेल आणि पान चौकट भरून आले असेल तर बारा पुरेसे आहेत.

फिक्या शाईसाठी जीआयएमपी हे चित्रे दुरुस्त करायचे सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. चित्राचे लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल वेगळे करा. लोहयुक्त शाई जुनी झाली की तपकिरी होते आणि तपकिरी रंग निळ्या चॅनेलमध्ये सर्वांत गडद दिसतो. उलट पानावर तपकिरी डाग पडले असतील आणि शाई काळी असेल, तर लाल चॅनेल बघा, डाग विरतात. दोन्ही एकाच पानावर असतील तर दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचा.

मोडीवाचक
सॉफ्टवेअरच्या आधी अक्षरांचा तक्ता करा. मोडी शिकताना आपण मायन्यापासून सुरुवात करतो, कारण मायना ठरलेला असतो. इथेही तसेच आहे. पत्राचा आरंभ आणि शेवटचे ‘आज्ञाधारक नम्र सेवक’ छापाचे वाक्य प्रत्येक पत्रात येते. ते आधी लावा आणि त्यातली अक्षरे कापून तक्त्यात चिकटवा: मोठे एस, मोठे सी, लांब एस, शेवटचा डी. लांब एस हा एफसारखा दिसतो, पण त्याची आडवी रेघ उजवीकडे जात नाही.

लघुरूपे: वाय आणि वर चढवलेला ई म्हणजे ‘द’, ‘यी’ नव्हे. डब्ल्यूवर सीएच म्हणजे ‘विच’. तारखेपुढे ‘इन्स्ट’ म्हणजे चालू महिना, ‘अल्ट’ म्हणजे मागचा, ‘प्रॉक्स’ म्हणजे पुढचा. नक्कल करताना लघुरूप सोडवले तर वाढवलेली अक्षरे चौकोनी कंसात टाका आणि मूळ स्पेलिंग कधीही सुधारू नका. एकच गाव एका पानावर तीन प्रकारे लिहिलेले असेल, तर तिन्ही तसेच ठेवा.

आणि ही जावक वही आहे, मूळ पत्रे नव्हेत, हे विसरू नका. वॉटचा नक्कल-दाबयंत्राचा पेटंट १७८० चा. त्याआधी कारकून हाताने उतरवून घेत. ओळ गळणे, एकच शब्द दोनदा येणे, हे कारकुनाचे दोष आहेत, कारभाऱ्याचे नव्हेत. तुमच्या नकलेत ते जसेच्या तसे यायला हवेत.

पंचांगकर्ते
सर्वांत मोठा धोका तारखांचा आहे. इंग्लंडात १७५१ अखेरपर्यंत नवे वर्ष २५ मार्चला लागे. जानेवारी ते २४ मार्चच्या पत्रांवर दोन साले जोडून लिहिलेली दिसतात. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. वसईच्या १७३९ च्या मोहिमेची पोर्तुगीज पत्रे आणि मुंबईच्या इंग्रजांची पत्रे समोरासमोर ठेवली की हाच ११ दिवसांचा फरक आडवा येतो. आपल्याकडे कितीतरी जणांनी त्या तारखा सरमिसळ छापल्या आहेत.

टाइनकाठ
अहो, पत्रे १७६५ नंतरची आहेत.

पंचांगकर्ते
पत्रे नंतरची असली तरी खंडाचे दिवस जुनेच चालू राहिले. मार्टिनमस हा खंड भरायचा ख्रिस्ती सण ११ नोव्हेंबरचा, पण कित्येक ठिकाणी जुने मार्टिनमस म्हणून २२ नोव्हेंबरला वसुली होई. २५ मार्चचा लेडी डे तसाच ५ एप्रिल झाला. कारभारी ‘मार्टिनमसचा खंड’ लिहितो तेव्हा कोणता दिवस, हे पत्राच्या तारखेवरून ताडून बघावे लागते. म्हणून सांगतो.

शिसेदार
मापांचे बोलू. बिंग हे खनिजाचे माप, फोदर हे शिशाचे. फोदर म्हणजे एक टन धरा, सोपे पडते.

हिशेबनीस
टन धरू नका, इथेच सगळे चुकतात. हंड्रेडवेट ११२ पौंड वजनाचा. बिंग ८ हंड्रेडवेट, म्हणजे ८९६ पौंड. न्यूकॅसलचा फोदर २१ हंड्रेडवेट, म्हणजे २,३५२ पौंड. लंडनचा साडेएकोणीस, म्हणजे २,१८४ पौंड. फरक १६८ पौंडांचा. समजा, न्यूकॅसलला फोदरचा भाव १६ पौंड आहे. तोच भाव लंडनच्या फोदरला लावला तर १४ पौंड १७ शिलिंग आणि पावणेदोन पेन्सच्या आत-बाहेर येतो. लंडनचा भाव उतरला म्हणून कारभारी कळवतो तेव्हा तो कोणत्या फोदरचा, हे आधी बघा.

आकडे तपासायची एक युक्ती. शुद्ध गॅलेनात, म्हणजे शिशाच्या खनिजात, वजनाच्या सुमारे ८६.६ टक्के शिसे असते, त्याहून जास्त निघूच शकत नाही. चार बिंगांतून न्यूकॅसलचा एक फोदर निघाला तर उतारा ६५ टक्क्यांच्या थोडा वर, हे पटण्यासारखे. तीन बिंगांतून एक फोदर असे तुम्ही वाचले असेल, तर उतारा साडेसत्त्याऐंशी टक्के होतो. म्हणजे आकडा चुकीचा वाचलात किंवा फोदर दुसरा आहे.

शिसेदार
टन हा अंदाजासाठी सांगितला होता. डर्बीशायरमध्ये तर खनिज डिशने, म्हणजे ठरलेल्या मापाच्या भांड्याने, मोजत. १५१३ सालची पितळी डिश वर्क्सवर्थला अजून आहे. राजाचा हिस्सा तेरावी डिश, वाद बारमास्टरकडे, म्हणजे खाणींच्या अधिकाऱ्याकडे, आणि बारमोट या खाणींच्या कोर्टात.

हिशेबनीस
ते डर्बीशायर. आल्स्टन मूरला बारमोट नाही. इथे हॉस्पिटल मालक आहे, कंपन्या आणि भागीदार पट्ट्याने खाणी घेतात आणि खनिजाचा ठरलेला हिस्सा मालकाला देतात, त्याला ‘ड्यूटी ओअर’ म्हणतात. धागाकर्तीला याच शब्दाची गरज पडणार आहे. रिसिव्हरच्या पत्रांतली निम्मी कटकट याच हिश्श्याच्या वजनाची, धुलाईची आणि वाहतुकीची असते. नीट न धुतलेले खनिज हिश्श्यात आले की भट्टीत उतारा कमी पडतो आणि तो तोटा मालकाचा.

यंत्रवाचन
कोणीच सांगितले नाही म्हणून लिहितो, ट्रान्सक्रिबस हे हस्ताक्षर वाचणारे सॉफ्टवेअर घ्या. इंग्रजी हस्ताक्षरांची तयार मॉडेल्स आहेत, दर महिन्याला काही श्रेयांक फुकट मिळतात. आधी २० ते २५ पाने हाताने अचूक उतरवा आणि त्यावर मॉडेलला शिकवा. समासातले मथळे आणि पौंड-शिलिंग-पेन्सचे रकाने मात्र ते एकत्र मिसळते. तिथे ओळींच्या पायारेषा स्वतः आखाव्या लागतात. आणि फोटो चांगले हवेत, लेन्सवेडा म्हणतात ते खरेच आहे.

मोडीवाचक
यंत्र न कळलेल्या जागी छानसा दिसणारा शब्द घालते, ही मोठी अडचण. माणूस अडला तर प्रश्नचिन्ह टाकतो. चूक दिसते तेव्हा दुरुस्त करता येते, गुळगुळीत चूक दिसतच नाही. खाणीच्या पत्रांत ‘ग्रोव्ह’ म्हणजे झाडी नव्हे, खाण. ‘सन व्हेन’ म्हणजे खनिजाची दक्षिणेकडची शीर. ‘ओल्ड मॅन’ म्हणजे पूर्वीच्या लोकांनी खणून सोडलेली जागा. ‘डेड्स’ म्हणजे टाकाऊ दगड. ‘हश’ म्हणजे वर पाणी अडवून एकदम सोडायचे आणि माती धुऊन शीर उघडी पाडायची. हे शब्द यंत्र ‘सुधारते’.

कोशाला पैसे नकोत. जोसेफ राइट यांचा बोलीकोश (१८९८ ते १९०५) नेटवर मोफत आहे. ऑक्सफर्डचा मोठा कोश अनेक सार्वजनिक वाचनालयांच्या कार्डावर घरबसल्या उघडतो.

सावकारी_पेठ
हुंड्यांबद्दल कोणी बोलले नाही. खंडाची रक्कम लंडनला नाण्यांत जात नसे, बिल ऑफ एक्स्चेंजने जाई. दर्शनी आणि मुदती हुंडी ज्यांना कळते त्यांना हे लगेच कळेल. ‘आफ्टर साइट’ असेल तर मुदत हुंडी दाखवल्या दिवसापासून, ‘आफ्टर डेट’ असेल तर लिहिल्या दिवसापासून. त्यावर तीन दिवसांची सवलत धरायची. ३० दिवसांची हुंडी ४ जूनला लिहिली तर मुदत ४ जुलैला, देणे ७ जुलैला. ज्याच्यावर हुंडी काढली त्याने स्वीकारली नाही, तर ती निषेधाच्या दाखल्यासह परत येते आणि कारभाऱ्याला पुन्हा न्यूकॅसलच्या व्यापाऱ्याच्या दारात जावे लागते. सलग चार पत्रे एकाच रकमेबद्दल दिसली तर बहुतेक हेच घडलेले असते. त्या चार रकमा बेरजेत चार वेळा धरू नका.

वार्षिक हिशेबाचेही तसेच. तो नफातोट्याचा नसतो. वसूल व्हायला हवी ती सगळी रक्कम, मागच्या थकबाकीसकट, कारभाऱ्याच्या नावे टाकायची आणि त्याने भरलेली, खर्चलेली किंवा अजून थकलेली दाखवून त्याला मोकळे करायचे. ‘चार्ज’च्या बाजूची बेरीज म्हणजे उत्पन्न असे वाचले की जहागीर आहे त्यापेक्षा श्रीमंत दिसते.

टाइनकाठ
उत्तम मुद्दा. आणखी एक. टपालाचा दर कागदाच्या संख्येवर आणि अंतरावर असे, दुसरा कागद जोडला की दुप्पट. म्हणून एकाच पत्रात कुळाचे छप्पर, खाणीतले पाणी आणि पडलेला पूल ओळीने येतात, मध्ये फक्त एक आडवी रेघ. ती रेघ नकलेत ठेवाच, विषय तिथे बदलतो.

सरावासाठी ड्यूक्सफील्डच्या शिसेभट्टीच्या प्रकल्पात स्वयंसेवकांनी उतरवलेली ब्लॅकेट जहागिरीच्या कारभाऱ्यांची पत्रे मोफत वाचायला आहेत. शेजारचीच खोरी, तीच मापे. तट्टांवरून शिसे वाहून नेणे, दंव पडून भट्टीच्या भात्यांचे पाणचक्र थांबणे, हे विषय इतक्या वेळा येतात की पन्नास पत्रे वाचलीत तर तुमच्या वहीतला अडलेला शब्द आपोआप सुटेल.

नवाकोरा
जीआयएमपीमध्ये निळा चॅनेल वेगळा करून बघा. फुकट आहे.

लेन्सवेडा
चॅनेल वेगळे करून न टिपलेला तपशील परत येत नाही. कॅमेरा भाड्यानेही मिळतो.

नक्कलवही
सर्वांचे मनापासून आभार. निर्णय घेतला. मॉनिटर, सॉफ्टवेअर, कॅमेरा काहीच घेत नाही. सगळी १८० पाने ए३ कागदावर छापून घेतली, पानाला दहा पेन्सप्रमाणे अठरा पौंड. डाव्या हाताला छापील पान, त्यावर पट्टी, ओळ सरकवत टाइप करायचे. उरलेल्या पैशांतून ऑर्डनन्स सर्व्हेचा उत्तर पेनाइन्सचा १:२५,००० नकाशा घेतला, ओएल ३१. माझे सर्वांत जास्त अडते ते ओढे, टेकड्या आणि शेतांच्या नावांवर. नाव नकाशावर सापडले की अक्षर लागते, हे दोन संध्याकाळींत पाहिले. बिंग-फोदरचा तक्ता भिंतीवर लावला आहे आणि ८६.६ त्यावर लाल शाईने.

टाइनकाठ
नकाशा विकत कशाला? एकोणिसाव्या शतकातले सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर फुकट आहेत आणि त्यांवर जुन्या खाणी नावानिशी आहेत.

नक्कलवही
तेही उघडे ठेवले आहेत. पण मला पेन्सिलने खुणा करायला कागद हवा होता.

हिशेबनीस
छापील प्रतीत एक काळजी घ्या. काळ्या-पांढऱ्या छपाईत फिक्या शाईतले १ आणि ७ एकसारखे दिसतात, अर्ध्या पेनीची खूण तर उडूनच जाते. पैशांचे रकाने पडद्यावर रंगीत फोटोशी ताडून घ्या आणि प्रत्येक पानाची बेरीज उलटी करून बघा: पेन्स बाराने, शिलिंग विसाने. वजनाच्या रकान्यात २८ पौंडांचा क्वार्टर, चार क्वार्टरांचा हंड्रेडवेट. बेरीज जुळली नाही तर आधी स्वतःचे वाचन तपासा, मग कारकुनाचे.

शिसेदार
आणि फोदर २१ चाच धरा, न्यूकॅसलचा.