मदत हवी आहे: मटमध्ये मराठी विषय '????' दिसतात, आणि शोध संपतच नाही

मंडळी,

पंधरा दिवसांपूर्वी मट हा कीबोर्डवरून चालवायचा मेलचा प्रोग्राम वापरायला घेतला. मी भाषांतराची कामं करते, खात्यात तेराएक हजार मेल साठलेत. उबुंटूच्या सर्व्हरवर एसएसएचने (म्हणजे दुरून लॉगिन करून) शिरून टर्मिनलमध्ये, नुसत्या अक्षरांच्या खिडकीत वाचते, मेल आयमॅपवरून येतात, म्हणजे मूळ मेल मेल-सर्व्हरवरच राहतात. धागे लावणं, खुणा करून पन्नास मेल एका फटक्यात हलवणं, हे एकदा हाताला बसलं की माउस नकोसा होतो.

मॅन्युअल आहे, चांगलं जाडजूड आहे. पण सेटिंगं वर्णानुक्रमे. नाव आधी ठाऊक असेल तरच सापडणार. प्रोग्राम १९९५चा, त्यामुळे जाणकारांना सगळं तोंडपाठ, नवख्याने कुठून सुरुवात करायची ते कोणी लिहीत नाही.

परवा तर घामच फुटला. दोन वर्षांपेक्षा जुने मेल उडवायचे होते. खुणा करायला कॅपिटल टी दाबून '~डी <२वाय' दिलं, मग खुणावलेले सगळे पुसायला अर्धविराम आणि डी. बघते तर ताज्या मेलांवरच पुसायचा डी लागलेला! चिन्ह उलटं पडलं होतं, '>' हवं होतं. नशीब, क्यूऐवजी एक्स (बदल न जपता बाहेर) दाबून बाहेर पडले, त्यामुळे काहीच गेलं नाही.

आता अडलंय ते असं:
१) मराठी विषयाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. मटआरसीत (मटच्या सेटिंगांच्या फाइलीत) चारसेट, म्हणजे अक्षरांची सांकेतिक पद्धत, यूटीएफ-८ लिहून पाहिलं, फरक शून्य.
२) मजकुरात शोधायला एल (फक्त जुळणारे मेल दाखव) दाबून '~बी करारनामा' दिलं, की एकेक मेल उतरवत बसतो. चहा होतो, शोध होत नाही.

प्रतिसाद
चारसेटची ओळ आधी काढून टाका, मट ते लोकेलवरून (सिस्टिमच्या भाषा-लिपीच्या सेटिंगवरून) स्वतःच ठरवतो. सर्व्हरवर 'लोकेल' कमांड देऊन बघा, पॉझिक्स दिसेल, म्हणजे साधी इंग्रजी अक्षरंच चालतात. बॅशआरसीत (लॉगिनच्या शेलच्या सेटिंगांच्या फाइलीत) लँग 'सी.यूटीएफ-८' करा आणि पुन्हा लॉगिन व्हा.

शोधात टिल्डाऐवजी बरोबरचं चिन्ह द्या: '=बी करारनामा'. मग शोध आयमॅप सर्व्हरच करतो, मेल तुमच्याकडे उतरत नाहीत. हेडर-कॅशही (मेलांचे विषय-पत्ते जपून ठेवणारी सोय) लावून ठेवा, मेलचं खोकं लवकर उघडेल. मजकुराच्या शोधाला मात्र त्याचा उपयोग नाही.

धागाकर्ती
ताई की दादा, जे असाल ते, शंभर वर्षं जगा! पॉझिक्सच होतं. प्रश्नचिन्हं गेली, करारनामाही चटकन सापडला. फक्त 'शिबिर'मधल्या वेलांट्या अजून शेजारच्या घरात जाऊन बसतात.

प्रतिसाद
दादा. वेलांट्यांचा दोष मटचा नाही, टर्मिनलचा. तिथे प्रत्येक अक्षराला ठरावीक चौकट, आपल्या वेलांट्या नि जोडाक्षरं त्यात नीट बसत नाहीत. दुसरं एखादं टर्मिनल लावून बघा. मराठी मेल लिहायला मात्र मी अजूनही ब्राउझरच उघडतो.