तीन शॉपचे भाग साइटवर जुळले नाहीत तर जोखीम कुणाची?

प्लॅनिंगवाली_कुपवाड
कुपवाड एमआयडीसीत एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये मी प्लॅनिंग बघते. नवीन कामात टाकी आमची, पायपिंग मिरजेच्या शॉपचं, स्ट्रक्चर पुण्याचं, आणि जोडणी थेट ग्राहकाच्या साइटवर. रिस्क रजिस्टर, म्हणजे कोणती जोखीम कुणाची याची यादी, करायला बसले. माल उशिरा येणं, वेल्डर न मिळणं, पावसात ट्रेलर अडकणं, सगळं लिहून झालं. पण तिघांची मापं एकमेकांत बसली नाहीत तर, या ओळीपुढे कुणाचं नाव लिहू? प्रत्येक जण म्हणतो, आमचं ड्रॉइंगप्रमाणे आहे. फ्रान्समधल्या ईटर या फ्युजन (अणू जोडून ऊर्जा मिळवण्याच्या) प्रकल्पात भारतासह सात सदस्य भाग बनवून पाठवतात. तिथे हे कसं सांभाळतात?

निवृत्त_इन्स्पेक्टर_सातारा
ताई, नेमकी ओळ पकडलीत. ईटरला तीच महाग पडली.

२००६ च्या करारात युरोपचा वाटा सुमारे ४५ टक्के, बाकी सहा जणांचा प्रत्येकी ९ च्या आसपास, आणि त्यातला बराचसा तयार भागांच्या रूपात. व्हॅक्यूम व्हेसलचे, म्हणजे ज्या निर्वात पात्रात फ्युजन होणार त्याचे, नऊ सेक्टर, एकेक सुमारे ४४० टनांचा. काही कोरियाकडे, काही युरोपकडे. कोरियाहून आलेल्या पहिल्या सेक्टरांत मापाचा फरक निघाला तो कडांना, म्हणजे शेजारच्या सेक्टरशी वेल्ड होणार तिथेच. मे २०२२ मध्ये जोडणीच्या खड्ड्यात उतरवलेला सेक्टर जुलै २०२३ मध्ये परत वर काढला. शिवाय थर्मल शील्डच्या, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या आवरणाच्या, कूलिंग पायपांना तडे सापडले. वेल्डजवळ अडकलेला क्लोरीनचा अंश आणि पाइप वाकवताना, जोडताना राहिलेला ताण, ही कारणं. शील्डचे भाग आले २०२० मध्ये, गळती कळली २०२१ च्या अखेरीस, हेलियम वायूनं गळती शोधणाऱ्या टेस्टमध्ये. पहिला प्लाझ्मा (यंत्रात प्रथमच तापलेला विद्युतभारित वायू तयार होणं) २०२५ ला ठरला होता. २०२४ च्या आराखड्यात संशोधनाची सुरुवात २०३४ वर गेली. कोविडही त्याला कारण आहेच, पण कडांची मापं कोविडनं बिघडवली नाहीत.

माझं ठाम मत: जोडाला एकच मालक हवा, आणि त्याच्या हातात पैसाही हवा. २०१५ मध्ये बर्नार बिगो ईटरचे महासंचालक झाले तेव्हा त्यांनी निर्णयाचे अधिकार आणि मध्यवर्ती राखीव निधी, दोन्ही मागून घेतले. नुसतं नाव लिहून तो माणूस काय करणार? एनसीआर, म्हणजे माप चुकल्याचा अहवाल, काढेल आणि बसेल.

पायपिंग_मिरज
काकांच्या मताला जोड देतो. ईटरचा क्रायोस्टॅट, म्हणजे सगळ्या यंत्राभोवतीचं निर्वात कवच, बघा: भारताचा वाटा, ३,८५० टन, व्यास जवळपास ३० मीटर. अखंड नेणं शक्यच नव्हतं. एल अँड टीनं हजिऱ्यात तुकडे बनवले आणि फ्रान्समध्ये कादराशला ईटरच्या आवारातच वर्कशॉपमध्ये ते वेल्ड करून चार मोठे भाग तयार केले. तुकडे ज्यांचे, त्यांचेच जोड.

प्लॅनिंगवाली_कुपवाड
आमच्याकडे तसं एकाच शॉपला देता येणार नाही. मग ग्राहकाच्या साइट इंजिनिअरचं नाव लिहू का?

निवृत्त_इन्स्पेक्टर_सातारा
लिहा, पण आधी त्यांची लेखी संमती घ्या. तिन्ही शॉपला डेटम, म्हणजे मापं जिथून मोजायची तो संदर्भ, एकच द्या. डिस्पॅचआधी नोझल आणि फ्लँजची मापं एकाच टीमनं, एकाच यंत्रानं घ्यावीत, आणि क्यूएपीत (गुणवत्ता तपासणीच्या आराखड्यात) तो होल्ड पॉइंट ठेवा, म्हणजे ते झाल्याशिवाय काम पुढे जायचं नाही. त्या टीमचा खर्च ग्राहकाच्या ऑर्डरमध्ये वेगळा दाखवा. तिघांत वाटायला गेलात तर मापं घेण्याआधीच भांडण सुरू होईल.