'सार्कोपेनिया'ला फलकावर काय लिहावं?

खानापूरकर: गावात साठीपुढच्यांसाठी शिबिर आहे. डॉक्टर म्हणतात, 'सार्कोपेनिया तपासणी' लिहा, म्हणजे वयानं स्नायू अन् त्यांची ताकद कमी झालीय का, ते बघायचं. असल्या नावानं कोण येणार? 'स्नायुक्षय' कसं वाटतं?

निपाणीकर: 'क्षय' नको हो! टीबीच वाटणार, शेजारी कोण बसायचं नाही. 'स्नायू' मात्र ठेवा. हिंदी पत्रकातली 'मांसपेशी' इकडं उचलू नका. आपल्याकडं मराठीत अन् कन्नडात दोन्हीकडं स्नायूच, दुभाषी फलकाला सोयीचं.

चिकोडी: मग 'झीज'? पण झीज म्हटलं की गुडघा. सगळे एक्स-रे घेऊन येतील. आमच्याकडची म्हातारी माणसं सरळ 'वाळलाय', 'खंगलाय' म्हणतात.

बेळगावची फिजिओ: खंगण्यात एक अडचण आहे. पोट सुटलेल्या माणसाचेही स्नायू कमी झालेले असतात, चरबीखाली दिसत नाहीत इतकंच. तो म्हणणार, मी कुठं खंगलोय? मूळ शब्दाचंही तेच. अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ग्रीकमधलं 'मांस' आणि 'उणीव' जोडून तो सुचवला. आता मात्र आधी ताकद बघतात, मांस नंतर. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांप्रमाणे मुठीची पकड पुरुषांत २८ किलोच्या खाली, बायकांत १८ च्या खाली गेली, किंवा खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर शंका घ्यायची. त्याआधीची चाळणी म्हणून पिंढरीला टेप लावा. पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी, बायकांत ३३ पेक्षा कमी घेर असला की पुढं तपासायचं. अंगातले स्नायू अन् चरबी मोजणारा डेक्सा स्कॅन त्यानंतर.

खानापूरकर: म्हणजे 'ताकद तपासणी'?

निपाणीकर: तालमीतली पोरं येतील रांगेनं.

बेळगावची फिजिओ: नाव कशाला शोधताय? पेशंट दारातच सांगतात, 'बसलं की उठवत नाही', 'जिना चढवत नाही'. मराठीतलं हे शक्य क्रियापद फार कामाचं आहे. माणसाची इच्छा आहे, अंग ऐकत नाही, हे एका 'वत'मध्ये येतं. प्राथमिक तपासणीच्या प्रश्नावलीतही हेच विचारतात: ओझं उचलणं, चालणं, खुर्चीतून उठणं, जिना चढणं, आणि वर्षभरात किती वेळा पडलात.

चिकोडी: 'वयाचंच हाय' म्हणून घरी बसणाऱ्यांचं काय?

बेळगावची फिजिओ: त्यांच्यासाठी खाली एक ओळ टाका: 'व्यायामानं ताकद वाढते, सत्तरीतही.' वजन उचलायचे व्यायाम आणि ताटात पुरेसं प्रथिन, हाच मुख्य उपाय. चालणं चांगलंच, पण तेवढ्यानं भागत नाही.

खानापूरकर: ठरलं. वर 'बसलं की उठवत नाही?', खाली 'स्नायूंची ताकद तपासून घ्या'. आता कन्नडात 'उठवत नाही' कसं लिहायचं ते कोणीतरी सांगा, पेंटर उद्या येतोय.