नायजेरियातील मुलींच्या निवासी शाळा आणि ‘स्कूल मदर’ची प्रथा

प्रश्न
पुण्यात पदव्युत्तर शिक्षणासाठी आलेली माझी एक नायजेरियन मैत्रीण शाळेविषयी बोलू लागली की दर दोन वाक्यांनी ‘माझी स्कूल मदर’ असा उल्लेख करते. आरंभी मला ती वसतिगृहाची रेक्टर वाटली. नंतर कळले की ती वरच्या वर्गातील विद्यार्थिनीच होती. ही प्रथा नेमकी काय आहे, आणि मुलींच्या निवासी शाळा तिथे कधी व कोणाच्या पुढाकाराने निघाल्या, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद 1
सुरुवात लागोसच्या क्वीन्स कॉलेजपासून करावी लागेल. नावात कॉलेज असले तरी ती माध्यमिक शाळा आहे. मुलांसाठी सरकारचे किंग्ज कॉलेज 1909 मध्ये निघाले, मुलींना मात्र ऑक्टोबर 1927 पर्यंत थांबावे लागले. ही अठरा वर्षांची दिरंगाई संपली ती सरकारला उपरती झाली म्हणून नव्हे, तर लागोसमधील शिकलेल्या स्त्रियांनी पैसे जमवून तगादा लावला म्हणून, असे माझे मत आहे. त्यांच्यातल्याच ओयिंकान अबायोमी पुढे या शाळेत शिकवू लागल्या आणि सुरुवातीच्या शिक्षकवर्गात त्या एकट्याच नायजेरियन होत्या. 1985 मध्ये बेनिन विद्यापीठाच्या कुलगुरू झालेल्या, देशातील विद्यापीठाची धुरा सांभाळणाऱ्या पहिल्या स्त्री, ग्रेस अलेले-विल्यम्स याच शाळेच्या.

प्रतिसाद 2
माझी आई 1980च्या दशकात उत्तर नायजेरियातील मुलींच्या एका निवासी शाळेत गणित शिकवत असे आणि आम्ही आवारातच, शिक्षकांच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो, म्हणून लिहिण्याचे धाडस करते. अकरा-बारा वर्षांची नवी मुलगी पत्र्याची पेटी, गादी आणि बादली घेऊन दाखल झाली की वरच्या वर्गातील एखादी मुलगी तिला ‘स्कूल डॉटर’ म्हणून आपल्या पंखाखाली घेई. ती तिच्या वेण्या घालून देई, ‘प्रेप’च्या म्हणजे रात्रीच्या सक्तीच्या अभ्यासाच्या वेळी अडलेले समजावून सांगे आणि इतर सीनियर मुलींच्या जाचापासून तिला वाचवी, मोबदल्यात धाकटीने तिचे पाणी भरायचे आणि गणवेश धुवायचा. याला नुसती माया म्हणणे मला पटत नाही, कारण हार्मटानच्या दिवसांत, सहाराकडून येणाऱ्या त्या कोरड्या, धुळकट वाऱ्यात, आधी एक आणि मग दुसरी अशा दोन बादल्या डोक्यावरून वाहणारी मुलगी मी आमच्या खिडकीतून कितीदा तरी पाहिली आहे.

कुलूपबंद पेटीत ‘प्रोव्हिजन्स’ असत: दूध पावडर, मायलो (दुधात घालायची चॉकलेटी पूड), साखर आणि गारी. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तोच कंद किसून, आंबवून, पिळून भाजला की रव्यासारखी गारी तयार होते. जेवणघरात पोट भरले नाही तर मुली ती थंड पाण्यात भिजवून, साखर आणि शेंगदाणे घालून खात. सत्राच्या अखेरीस पेट्या रिकाम्या होत, आणि मग मूठभर गारी कोणाकडे उरली आहे यावर मैत्री ठरे! भेटीच्या दिवशी पालक जोलोफ राईस, म्हणजे टोमॅटो-मिरचीच्या रश्श्यात शिजवलेला भात, आणि तळलेली कोंबडी आणत; जिच्याकडे कोणीच आले नाही तिला तिची स्कूल मदर आपल्या चटईवर बसवून घेई. 1986 मध्ये नायराची, म्हणजे तिथल्या चलनाची, किंमत कोसळली, घरी पाठवायच्या पगाराला अर्थ उरला नाही आणि आम्ही परतलो.

प्रतिसाद 3
पहिल्या प्रतिसादात एक पुरवणी जोडतो. मिशनऱ्यांनी सरकारच्या बऱ्याच आधी आरंभ केला होता: लागोसमध्ये अँग्लिकन मिशनची मुलींची शाळा 1869 मध्ये आणि मेथडिस्टांची 1879 मध्ये निघाली. त्यांपैकी पहिली 1950 मध्ये इबादानला हलली आणि सेंट ॲन्स नावाने आजही चालू आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या महासंचालक न्गोझी ओकोंजो-इवेला काही काळ तिथे शिकल्या. मात्र 14 एप्रिल 2014 रोजी ईशान्य नायजेरियातील चिबोक गावाच्या मुलींच्या सरकारी शाळेतून 276 विद्यार्थिनी पळवून नेल्या गेल्या, तेव्हापासून उत्तरेकडील पालकांना मुलगी वसतिगृहात ठेवताना जी धास्ती वाटते, तिचाही उल्लेख व्हायला हवा.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. मैत्रिणीला हे सारे भाषांतर करून सांगितले. बादल्यांच्या उल्लेखावर ती मनापासून हसली. तिची स्कूल मदर आता दोन मुलांची आई आहे, तरीही फोनवर ही तिच्या नावाआधी ‘सीनियर’ लावल्याखेरीज बोलत नाही. गारीबाबत मात्र तिचा एक आक्षेप आहे: शेंगदाणे अगदी शेवटी घालायचे असतात, नाहीतर ते मऊ पडतात.