चिमणीतून धूर दिसत नाही, ईएसपी चालू आहे, मग पीएम २.५ येतो कुठून?

परळीकर_वैजनाथ
परळीत औष्णिक वीजकेंद्र आहे; गच्चीवर जी करडी राख बसते ती केंद्राच्या राखेच्या तळ्यावरून उडालेली नि हायवांतून सांडलेली, हे माहीत आहे. माझा प्रश्न पीएम २.५ चा, म्हणजे २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कणांचा आहे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कोळसा ७५ मायक्रॉनपर्यंत दळतात, मग त्यातून २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण होतात कसे? ईएसपी, म्हणजे धुरातली राख विजेने प्लेटवर ओढून घेणारी यंत्रणा, ९९.९ टक्के राख पकडत असेल तर उरतं किती? आणि कोळसा बारा महिने सारखाच जळतो, तरी हिवाळ्यात आकडा का चढतो?

बॉयलर_ऑपरेशन
मिलमधून निघालेल्या भुकटीपैकी साधारण ७० टक्के भुकटी २०० मेशच्या, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेली पाहिजे, हा हिशेब बरोबर. पण बारीक कण दळणातून येत नाहीत, ज्वाळेतून येतात, आणि तेही दोन वाटांनी.

एक वाट वितळण्याची. कोळशाच्या कणात चिकणमाती, क्वार्ट्झ, पायराइट अडकलेलं असतं. भट्टीत आधी वायुरूप भाग उडून जातो, मागे सच्छिद्र कोळसा उरतो, त्याला इंग्रजीत 'चार' (char) म्हणतात. चार जळत जातो तसे आतले खनिजांचे थेंब वितळून एकमेकांत मिसळतात. चार अखंड राहिला तर एक जाड राखेचा कण, मध्येच फुटला तर अनेक छोटे. ही राख बहुतेक १ मायक्रॉनच्या वरची असते.

दुसरी वाट वाफेची, आणि खरा त्रास तिचा आहे. सोडियम, पोटॅशियम, आर्सेनिक, सेलेनियम, शिसं यांची ज्वाळेत थेट वाफ होते. सिलिका तशी सहज उडत नाही, पण जळत्या चारच्या आत ऑक्सिजन जवळपास नसतो, कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. तिथे सिलिकातला एक ऑक्सिजन निघून सिलिकॉन मोनॉक्साइडची वाफ होते. ती चारबाहेर आली, ऑक्सिजन मिळाला, की लगेच पुन्हा सिलिका. पण आता ०.०१ मायक्रॉनच्या कणांच्या रूपात. हे कण आदळत-चिकटत ०.१ ते ०.३ मायक्रॉनपर्यंत वाढतात आणि तिथे वाढ मंदावते. वजनात हा भाग राखेच्या एखाद-दोन टक्के, संख्येत मात्र जवळजवळ सगळे कण हेच. पुढे धूर थंड होताना आर्सेनिक-सेलेनियमची वाफ कणांच्या पृष्ठभागावर जमते. लहान कणाला वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, त्यामुळे ग्रॅममागे जहाल तोच.

आता उरतं किती ते. २५० मेगावॅटचा संच धरा, परळीतले संच क्रमांक ६, ७, ८ तेवढ्याच क्षमतेचे आहेत. विजेच्या युनिटमागे ०.७ किलो कोळसा धरला तर पूर्ण भारावर तासाला १७५ टन. ३८ टक्के राख म्हणजे ६६ टन, त्यातली ८० टक्के उडती, म्हणजे ५३ टन. ९९.९ टक्के पकडली तरी तासाला ५३ किलो बाहेर. आणि हा ०.१ टक्का सरासरी मिश्रण नसतो. मोठे कण विद्युत क्षेत्रात चांगले भारित होतात, अगदी लहान कण विसरणाने (हवेतले आयन येऊन आदळल्याने) भारित होतात, ०.१ ते १ मायक्रॉनमधल्यांना दोन्ही बाजूंनी कमी मिळतं. निसटणाऱ्यांत तेच जास्त.

ईएसपी_मेंटेनन्स
त्यात आपल्या कोळशाची एक अडचण. गंधक कमी, सिलिका-ॲल्युमिना जास्त, म्हणून राखेची रोधकता (वीज वाहू न देण्याचा गुण) जास्त. साधारण १५० अंशांच्या आसपास ती सर्वांत वाढते आणि ईएसपीत धूर नेमका त्याच्या जवळपासच्या तापमानाला येतो. प्लेटवरच्या थरात ठिणग्या सुटतात, उलटा कोरोना (राखेच्या थरातूनच उलट दिशेने विद्युत विसर्जन) होतो, व्होल्टेज चढवता येत नाही. हॉपर (खालचं राख जमा होणारं नरसाळं) वेळेत रिकामा झाला नाही तर राख इलेक्ट्रोडपर्यंत चढते आणि ते फील्ड, म्हणजे ईएसपीचा तो विभाग, बंद पडतं. रॅपिंग, म्हणजे प्लेटवर हातोडीने ठोकून राख पाडणं, फार जोरात किंवा फार वारंवार केलं तर बसलेली राख पुन्हा धुरात मिसळते. शेवटच्या फील्डची हातोडी म्हणूनच जपून लावायची, त्यामागे पकडणारं कोणी नसतं.

हवा_रसायन
वरचा सगळा हिशेब चिमणीतून घनरूपात निघणाऱ्या कणांचा झाला. गॅसकडेही बघा, कारण ईएसपी गॅस पकडतच नाही. तेच १७५ टन घ्या, गंधक ०.४ टक्के धरा: ०.७ टन गंधक, म्हणजे तासाला १.४ टन सल्फर डायऑक्साइड. हवेत त्याचं सल्फ्युरिक ॲसिड होतं आणि गोठे, उकिरडे, युरिया टाकलेली शेतं यांच्यातल्या अमोनियाशी मिळून अमोनियम सल्फेट. वजन दुपटीच्या थोडं वर जातं. म्हणजे सगळा गॅस बदलला तर २.९ टन कण, तुमच्या ५३ किलोसमोर! सगळा बदलत नाही, काही जमिनीवर-पिकांवर जिरतो, पण प्रमाण लक्षात घ्या. हा गॅस अडवायचा तर एफजीडी, म्हणजे धुरातला सल्फर डायऑक्साइड काढणारी यंत्रणा, लागते; ती बहुधा चुनखडीच्या पाण्यावर चालते.

उन्हात हा बदल तासाला एखाद टक्क्याच्या वेगाने होतो, ढगात-धुक्यात झपाट्याने. त्यामुळे परळीच्या गॅसचे कण बहुतांशी परळीत नाही, वाऱ्याच्या दिशेला लांबवर तयार होतात. हिवाळ्यात आकडा चढतो तो मुख्यतः थंड हवेचा थर रात्री जमिनीलगत कोंडतो म्हणून. शिवाय धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडांपासून बनणारं अमोनियम नायट्रेट थंडीत कणरूपात टिकतं, उन्हाळ्यात त्याचा परत गॅस होतो.

रोलिंग_फर्नेस_जालना
रोलिंग मिलसारख्या लहान कोळसा-भट्ट्यांचं गणित वेगळं आहे. तिथे राखेपेक्षा काजळी जास्त. एकदम फावडी भरून कोळसा टाकला की थर थंड पडतो, वायुरूप भाग पेट न घेता निघतो, डांबराचा पिवळा-काळा धूर होतो. थोडा थोडा, पातळ पसरून टाका आणि आगीच्या वरून वेगळी हवा द्या. सायक्लोनच्या (धूर गरगरवून जड धूळ पाडणाऱ्या यंत्राच्या) भरवशावर राहू नका, १० मायक्रॉनच्या खाली तो फारसा चालत नाही. बारीक कणांना बॅग फिल्टर, म्हणजे कापडी पिशव्यांचा गाळणा, हवा. पॉलिएस्टरच्या बॅगा साधारण १३० अंशांपर्यंतच. त्यावर गेलं की खराब होतात, आणि भट्टी सुरू-बंद करताना फार थंड झालं तर आम्लयुक्त पाणी सुटून बॅगांवर लगदा बसतो.

परळीकर_वैजनाथ
मग घरच्या स्वस्त सेन्सरवर कितपत विसंबायचं?

हवा_रसायन
पहाटे आर्द्रता ८०-८५ टक्क्यांच्या वर असेल तर तो आकडा बाजूला ठेवा. सल्फेटचे कण पाणी शोषून फुगतात आणि प्रकाशावर चालणारा सेन्सर ते पाणीही मोजतो. दुपारचे आकडे त्यामानाने भरवशाचे. भारताची घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा मात्र चोवीस तासांच्या सरासरीची आहे, तिच्याशी फक्त दुपारचे आकडे ताडू नका. पीएम २.५ नि पीएम १० चं गुणोत्तरही बघा: ०.३ च्या आसपास असेल तर रस्त्याची-तळ्याची धूळ, ०.६ च्या वर असेल तर जळण्यातून किंवा गॅसमधून आलेले कण. मात्र स्वस्त सेन्सरचा पीएम १० बहुधा अंदाजाने काढलेला असतो, त्यामुळे गुणोत्तरासाठी सरकारी केंद्राचे आकडे वापरा.